दोन नावांचे किण्व

राजांचे, लढायांचे आणि तहांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. संतांची आणि कवींची चरित्रेही कमी नाहीत. परंतु ज्यांना नुसत्या डोळ्यांनी पाहता येत नाही अशा जीवांनीही मनुष्यजातीच्या इतिहासात मोठी उलथापालथ केली आहे. पटकी, देवी, प्लेग यांची नावे घेतली की ही गोष्ट कोणासही पटते, कारण संहार करणाऱ्याची आठवण माणसास चटकन होते. उपकार करणारे सूक्ष्म जीव मात्र अनामिकच राहतात. अशाच एका उपकारकर्त्याची हकीकत प्रस्तुत लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. हा जीव म्हणजे किण्व. व्यवहारात आपण त्यास यीस्ट म्हणतो. किण्वाच्या जाती अनेक आहेत. त्यांपैकी पुण्याच्या एका लसीच्या कारखान्यात वाढणाऱ्या एका जातीस शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या काळी दोन नावे दिली, आणि त्या दोन नावांच्या पोटात या साऱ्या हकीकतीचे सार आले आहे.

किण्व हा शब्द आपल्याकडे फार जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी, मद्यासाठी उडीद व तांदूळ यांच्यापासून किण्व कसे करावे हे सांगितले आहे. चार्वाकमताच्या लोकांनी तर आपल्या तत्त्वज्ञानास त्याचाच दृष्टांत घेतला: किण्वादी द्रव्ये एकत्र आली म्हणजे त्यांत मुळी नसलेली मादकता उत्पन्न होते, त्याचप्रमाणे जड महाभूते एकत्र आली म्हणजे चैतन्य उत्पन्न होते. यातली गंमत अशी की, जडापासून चैतन्य निघते हे सिद्ध करण्यासाठी जी वस्तू पुढे केली, ती स्वतःच सजीव होती! परंतु हे समजण्यास सूक्ष्मदर्शक यंत्र निघावे लागले. तोपर्यंत गोव्याच्या पोदेरांनी माडाच्या सुरेने पावाचे पीठ फुगविले आणि आमच्या हलवायांनी जिलेबीचे पीठ आंबविले. काम कोण करतो हे कोणी विचारले नाही.

ते विचारले युरोपातील एकोणिसाव्या शतकाने. आंबणे ही निव्वळ रासायनिक क्रिया आहे असे लीबिगसारखे थोर रसायनशास्त्रज्ञ म्हणत. फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८५७ पासून पुढे केलेल्या प्रयोगांनी ती जिवंत किण्वाची करणी असल्याचे दाखविले. त्यानंतरचे मोठे पाऊल डेन्मार्कच्या राजधानीत पडले. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग नामक मद्यशाळेच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन हा गृहस्थ काम करीत असे. मद्यशाळेचे पिंप मधूनमधून कडवट होऊन नासते, याचे कारण चांगल्या किण्वात मिसळलेले रानटी किण्व होय, असे त्याने ताडले. आणि एकाच पेशीपासून वाढविलेले निर्भेळ किण्व त्याने १८८३ साली तयार केले. याहून आम्हांस महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. मद्यशाळेचा मालक जे. सी. याकोबसेन याने हे किण्व आपल्या तिजोरीत कोंडून ठेविले नाही. मागेल त्या प्रतिस्पर्ध्यास त्याने ते देऊ केले. पुढे किण्वांच्या एका कुळास या शोधकाच्या स्मरणार्थ ‘हान्सेन्यूला’ असे नाव मिळाले. आमच्या कथानायकाचे हे पहिले नाव.

आता या कथेचा दुसरा धागा हाती घेऊ. मनुष्यदेहाचे बहुतेक व्यापार प्रथिनांच्या द्वारे चालतात. एखादे प्रथिन देहात निर्माण होईनासे झाले तर रोग जडतो, आणि ते बाहेरून पुरविले तर माणूस जगतो. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे लेनर्ड टॉमसन या चौदा वर्षांच्या मधुमेही मुलास इन्सुलिन टोचण्यात आले, तेव्हा हे जगाला दिसले. पण ते इन्सुलिन आणावयाचे कोठून? गाई-डुकरांच्या स्वादुपिंडांतून. केवळ आठ औंस शुद्ध इन्सुलिनसाठी जनावरांची सुमारे दोन टन इंद्रिये लागत. सर्पदंशावर आणि धनुर्वातावर द्यावयाची द्रव्ये घोड्याच्या रक्तातून निघत. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या अश्वपैदासशाळेतील म्हातारे घोडे याच कामासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात असत. घोडे आपले, मग औषधही आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली पुण्यास सीरम इन्स्टिट्यूट स्थापिली. तिच्या नावातील ‘सीरम’ म्हणजे रक्तजल, हे त्या आरंभाचेच चिन्ह आहे.

सर्वांत बिकट प्रश्न ‘ब’ प्रकारच्या काविळीचा होता. या रोगाचा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे दबा धरून बसतो, आईकडून नवजात बालकास लागतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत शेवटी यकृत सुकवितो किंवा तेथे कर्करोग उत्पन्न करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात जवळजवळ तीन कोटी लोक त्याचे वाहक होते. बारूक ब्लूमबर्ग यांना या विषाणूच्या कवचाचे प्रथिन रुग्णांच्या रक्तात आढळले होते. त्या कार्यासाठी त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू प्रयोगशाळेत वाढविता येईना. म्हणून १९८१ साली अमेरिकेत जी पहिली लस निघाली, ती वाहकांच्या रक्तातूनच कवचाचे कण वेचून व शुद्ध करून केलेली होती. शुद्धीकरण कडक होते आणि लस निर्धोक होती. परंतु त्याच सुमारास रक्तावाटे पसरणारा एड्सचा रोग उघडकीस आला आणि परक्याच्या रक्तातून आलेले औषध घेण्यास लोक कचरू लागले. शिवाय रोग्याचे रक्त हाच जिचा कच्चा माल, ती लस कोट्यवधी बालकांना कोठून पुरणार?

येथे किण्व पुन्हा रंगभूमीवर येते. प्रत्येक प्रथिन कसे घडवावे याची आज्ञा पेशीतील जनुकात लिहिलेली असते, आणि या आज्ञांची लिपी माणसापासून किण्वापर्यंत एकच आहे. १९७८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात हिनेन, हिक्स आणि फिंक यांनी किण्वाच्या पेशीत बाहेरून जनुक घालण्याची रीत सिद्ध केली. १९८२ मध्ये व्हॅलेन्झुएला, रटर आणि त्यांचे सहकारी यांनी काविळीच्या विषाणूच्या कवचाचे जनुक पाव फुगविणाऱ्या साध्या किण्वात घातले. आणि त्या बिचाऱ्याने ते परके प्रथिन निमूटपणे घडविलेच, शिवाय त्याचे कणही रक्तातील कणांसारखेच जुळून आले. कणात विषाणूचे कवच आहे, विषाणू नाही. म्हणजे दरोडेखोराचा पोशाख आहे, पण आत दरोडेखोर नाही. देहाचे रक्षक पोशाख ओळखून ठेवतात, आणि खरा चोर आला म्हणजे त्यास धरतात. २३ जुलै १९८६ रोजी या लसीला अमेरिकेत परवानगी मिळाली; जनुकाची फेरमांडणी करून घडविलेली माणसासाठीची ही पहिलीच लस. पुढच्याच वर्षाच्या सुमारास डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने किण्वाकडून मानवी इन्सुलिन करवून बाजारात आणले. हान्सेनने जेथे किण्व निर्भेळ केले त्याच कोपनहेगनच्या परिसरात शंभर वर्षांनी हे घडावे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पावाच्या किण्वाची एक उणीव होती: परके प्रथिन ते करी खरे, पण बेताचेच. ही उणीव भरून काढणाऱ्या किण्वाचा शोध अगदी निराळ्या हेतूने लागला होता. १९६९ साली जपानमध्ये कोइची ओगाता आणि त्यांचे सहकारी यांस असे किण्व सापडले, की जे मिथेनॉल या विषारी मद्यार्कावर खुशाल जगते. मिथेनॉल हे खनिज वायूपासून स्वस्तात होत असे. तेव्हा त्यावर किण्व वाढवून जनावरांचे खाद्य करावे, या विचाराने अमेरिकेतील फिलिप्स पेट्रोलियम या तेलाच्या कंपनीने ‘पिकिया’ नावाच्या अशाच एका किण्वाची मोठी लागवड आरंभिली. परंतु १९७३ साली तेलाचे भाव भडकले, आणि सोयाबीनची पेंडच स्वस्त पडू लागली. खाद्याचा बेत फसला. किण्व वाढविण्याची विद्या तेवढी हाती राहिली.

ती विद्या औषधाच्या कामी कशी आली ते पहा. अशा किण्वाला मिथेनॉल मिळाले की, ते पचविणारे एक प्रथिन ते अतोनात घडवू लागते. पेशीतील प्रथिनांचा मोठा वाटा त्या एकाच प्रथिनाचा होतो. म्हणजे त्या जनुकाच्या आरंभी जो हुकूम लिहिलेला असतो, तो फार जबरदस्त असला पाहिजे. शास्त्रज्ञांनी तो आरंभ तसाच ठेवून पुढे काविळीच्या कवचाचे किंवा इन्सुलिनचे जनुक जोडले. जुन्या दफ्तरांच्या भाषेत सांगावयाचे तर, शिक्का आणि मायना सरकारी तोच, आतला मजकूर मात्र दुसरा. आणि किण्व बिचारे शिक्का पाहून हुकूम बजावते. ‘पिकिया’ आणि ‘हान्सेन्यूला पॉलिमॉर्फा’ ही या कामातील दोन नामांकित किण्वे होत. १९९४ साली जपानी शास्त्रज्ञांनी मिथेनॉलवर जगणाऱ्या किण्वांसाठी ओगातांच्या स्मरणार्थ ‘ओगातेआ’ असे नवे कुळ कल्पिले, आणि आजच्या वर्गीकरणात आपल्या हान्सेन्यूलाचा समावेश त्यातच होतो. एका नावात डॅनिश मद्यशाळा, दुसऱ्यात जपानी प्रयोगशाळा. आणि दोन्ही नावे धारण करणारा जीव आता आपल्या मुलाबाळांच्या दंडात टोचल्या जाणाऱ्या औषधाचा कारागीर.

येथवर विद्येचा इतिहास झाला. परंतु औषध निघणे आणि ते रोग्याच्या दारी पोहोचणे या दोन गोष्टींत फार अंतर असते, आणि त्या अंतराचे नाव किंमत. किण्व काकवीवर वाढो की मिथेनॉलवर, त्याचा खर्च थोडा. तरीही १९९० नंतरच्या काही वर्षांत परदेशातून येणाऱ्या काविळीच्या लसीची एकेक मात्रा कित्येक शे रुपयांना पडे, आणि मात्रा तर तीन घ्यावयाच्या. मध्यम स्थितीच्या कुटुंबासही हे जड होते. मजुराच्या घरी त्याचा विचारही अशक्य. याकोबसेनने वाटून टाकलेल्या किण्वाच्या वंशजांस आता कुलूप लागले होते.

ते कुलूप प्रथम निघाले ते हैदराबादेत. वरप्रसाद रेड्डी हे व्यवसायाने इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. त्यांनी १९९३ साली आपल्या मातोश्रींच्या नावाने शांता बायोटेक्निक्स ही कंपनी काढली, आणि १९९७ साली पिकिया किण्वाच्या द्वारे केलेली काविळीची लस सुमारे ५० रुपये मात्रा या भावाने विक्रीस आणली. त्या वेळी आपल्याकडे १९७० चा पेटंट कायदा अमलात होता. औषधाच्या बाबतीत पदार्थावर हक्क मिळत नसे, तो करण्याच्या कृतीवर मिळे. त्यामुळे स्वतःची निराळी कृती शोधणाऱ्यास वाट मोकळी होती. २००५ सालच्या आरंभापासून ही व्यवस्था बदलली, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

महाराष्ट्र या कामी मागे राहिला नाही. जर्मनीतील ऱ्हाइन बायोटेक या कंपनीने हान्सेन्यूलाची विद्या परिपक्व केली होती. मुंबईच्या वोखार्ट कंपनीने तिच्याशी सहकार्य केले. आणि काविळीच्या लसीनंतर २००३ साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, याच किण्वाकडून मानवी इन्सुलिन करवून घेतले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची काविळीची लसही हान्सेन्यूलाचीच. घोड्याच्या रक्तापासून आरंभ केलेल्या संस्थेने किण्वाचा आश्रय केला, हे या शतकाच्या औषधविद्येचे थोडक्यात चित्र होय. कारखाने वाढले तसतसे भाव उतरले, आणि मग सरकारच्या आवाक्यात ती गोष्ट आली. २००२-०३ मध्ये काही शहरांत व जिल्ह्यांत, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत, आणि २०११-१२ पर्यंत सर्व देशभर ही लस बालकांना फुकट मिळू लागली. जी लस एकेकाळी श्रीमंताघरची वस्तू होती, ती आज खेड्यातील अंगणवाडीत मिळते. हा विजय किण्वाचा खराच. पण त्याहून अधिक तो भाव उतरविणाऱ्या माणसांचा आहे.

या विजयाने आपण संतुष्ट होऊन बसावे असे वाटत असेल, तर त्याच किण्वाची आणखी एक हकीकत ऐकली पाहिजे. आणि तिची भूमी आमच्या मराठवाड्याच्या सीमेवरची आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. खेड्यांसाठीची देशातली ही पहिलीच. तिच्यावरून दिसून आले की, त्या भागातील स्त्रियांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग गर्भाशयाच्या मुखाचा आहे. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ सालापासून १,३१,७४६ स्त्रियांना सामावून एक मोठी पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला: रोगास कारण होणाऱ्या एच. पी. व्ही. या विषाणूची एकच तपासणी आयुष्यात केली, तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात. ज्या निष्कर्षावर जगाने पुढे धोरणे आखली, तो आमच्या शेतकरी-मजूर बायांनी आपल्या सहभागाने मिळवून दिला, हे महाराष्ट्रात फार थोड्यांस ठाऊक आहे.

हा विषाणू आणि हा कर्करोग यांचे नाते जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३-८४ च्या सुमारास उघड केले. त्यांस २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूच्या कवचाचे प्रथिन आपोआप जुळून पोकळ कण होतात, असे १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातील जियान झोऊ व इयन फ्रेझर यांस आढळले. मग तीच जुनी युक्ती, पोशाख तेवढा द्यावयाचा. पावाच्या किण्वात केलेली पहिली लस २००६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. तिच्या तीन मात्रांऐवजी दोन पुरतील काय, हे पाहण्यासाठी २००९ साली भारतातील नऊ ठिकाणी मुलींवर प्रयोग सुरू झाला; त्यांत मुंबई, पुणे आणि बार्शी ही आपली तीन होती.

पण मध्येच विघ्न आले. आंध्र व गुजरात येथे चाललेल्या दुसऱ्या एका उपक्रमात काही मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळे झाले नाहीत असे चौकशीत दिसले. तथापि मुलींच्या पालकांची संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर दोष होते, आणि संसदेच्या समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. गरिबाच्या मुलीची संमती गृहीत धरणे हा अन्याय आहे, मग औषध कितीही गुणकारी असो. याविषयी आमच्या मनात संदेह नाही. एप्रिल २०१० मध्ये सरकारने असे सर्वच प्रयोग थांबविले. त्यामुळे हजारो मुलींना ठरल्यापैकी एकच मात्रा मिळालेली राहिली. संशोधकांनी त्यांची विचारपूस सोडली नाही. दहा वर्षांच्या निरीक्षणानंतर २०२१ मध्ये दिसून आले की, एका मात्रेनेही विषाणूच्या दोन मुख्य प्रकारांच्या चिवट संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेस मान्यता दिली, तेव्हा तिच्यापुढील पुराव्यांत या मुलींचाही पुरावा होता.

त्याच २०२२ च्या जुलैत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लसीस परवानगी मिळाली, आणि २०२३ च्या जानेवारीत ती प्रकाशित झाली. ती घडविणारा कारागीर कोण, हे वाचकांनी ओळखलेच असेल: तेच दोन नावांचे किण्व. लस २०० ते ४०० रुपयांत मिळेल असे प्रथम सांगण्यात आले होते. खाजगी बाजारात आली तेव्हा मात्रेचा भाव २,००० रुपये होता. परदेशी लसीहून तो कमी खरा. पण धाराशिवच्या ऊसतोड मजुराच्या हिशेबाने तो काय आहे, हे सांगावयास नको. आणि याच देशात २०२२ च्या अंदाजाप्रमाणे वर्षाकाठी सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा रोग झाला व सुमारे ऐंशी हजार दगावल्या. बऱ्याचशा ऐन संसाराच्या वयातल्या. एका बाईबरोबर एक घर कसे मोडते हे आमच्या वाचकांना निराळे सांगण्याची जरुरी नाही.

ठाणे-बेलापूर रस्त्याने जाणारास आज नवी मुंबईची दोन रूपे दिसतात. एकेकाळी हा रस्ता अम्लांच्या आणि रंगांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होता. आता रबाळ्यास जिवंत पेशींकडून औषधी प्रथिने करवून घेणारा कारखाना उभा आहे. पुढे खारघरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी टाटा स्मारकाचे संशोधन केंद्र आहे; तेथे आणि परळच्या रुग्णालयात राज्याच्या कानाकोपऱ्यातून रोगी येतात, आणि त्यांत जो रोग टाळता आला असता त्याने ग्रासलेल्या बायाही असतात. विद्या एका बाजूस आणि दुःख दुसऱ्या बाजूस, इतके जवळ असूनही त्यांची गाठ वेळेवर पडू नये, ही या नव्या शहराची एकट्याची नव्हे, आपणा सर्वांची लाज आहे.

किण्व आपल्या कामात कसूर करीत नाही. डेन्मार्क, जपान, पुणे हा भेद त्यास ठाऊक नाही. जेथे ऊब आणि खाद्य मिळेल तेथे ते हुकूम बजावते. काविळीच्या बाबतीत आपण भाव उतरविला आणि सरकारने ती लस घरोघर नेली. म्हणजे हे होऊ शकते याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. ज्या बार्शी-धाराशिवच्या मुलीबाळींनी एक मात्रा पुरते हे जगास दाखवून दिले, त्यांच्या लेकींना ती एक मात्रा विनामूल्य आणि त्यांच्या आईबापांच्या समजून दिलेल्या संमतीने मिळावी, हाच न्याय होय. १८८३ साली एका मद्यशाळेच्या मालकाने जे औदार्य दाखविले, ते एका स्वतंत्र राष्ट्रास अवघड वाटू नये.